गाडी का ओढत नाही?



या सदरात मी आजवर रेशन कार्डावर लिहिले, पी. एफ.च्या फॉर्मवर लिहिले, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकतो यावर तर दोनदा लिहिले. मोटारगाडीवर लिहिण्याची पाळी येईल असे मात्र वाटले नव्हते. मी कारकून माणूस. बोनेटखालच्या दुनियेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या घरी असे काही घडले की ६२ हजार रुपये आणि घरातला एक चांगला मुलगा, दोन्ही हातचे जाण्याची वेळ आली होती. शिवाय ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे किंवा जे हप्त्यांवर घेण्याच्या विचारात आहेत, असे वाचक आता आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. म्हणून हे लिहितो.

गाडी आमच्या तीन घरांची मिळून आहे. एक घर दादांचे, ते ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. दुसरे ताईचे, तिसरे माझे. २०२० च्या जानेवारीत तिघांनी सारखा वाटा घालून २०१६ सालची, सात जण बसतील अशी उंच डिझेल गाडी सेकंड हँड घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झाले त्यात कंपनीचा दोष नव्हता. हिशेबाची वही माझ्याकडे आणि किल्ली भाच्याकडे. ताईचा हा मुलगा २४ वर्षांचा. गाडी तोच चालवतो, तोच धुतो. दादांकडे लायसन आहे, पण ते हायवेवर हात घालत नाहीत. आणि मी चालवायला बसलो की मागची मंडळी एकदम गप्प होतात.

अशा गाडीचे आपल्या लोकांना इतके अप्रूप का, हे इतरांना कळायचे नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात आमचे आजोबा भंडाऱ्याकडून थोडे पायी, थोडे बैलगाडीने दीक्षाभूमीवर आले होते. त्यानंतरच्या पिढीने ६ डिसेंबरची मुंबई रेल्वेच्या डब्यात दाराशी बसून केली. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली, २००० मध्ये महिंद्राची बोलेरो आली, आणि भाड्याने का होईना, दहा-दहा माणसे एका गाडीत दाटीवाटीने बसून मंगल परिणयाला जाऊ लागली. स्वतःची गाडी असणे म्हणजे रात्री दोन वाजता मेडिकलला जायचे तर कोणाच्या दाराची कडी वाजवावी लागत नाही, एवढे साधे आहे.

तर त्या नोव्हेंबरात अमरावतीला नातेवाइकांकडे मंगल परिणय होता. जाताना काही जाणवले नाही. खरे म्हणजे जाणवले होते, पण ते फक्त भाच्याला. ते पुढे येईल. परतताना तळेगाव सोडले आणि सत्याग्रही घाटाचा चढ लागला. हा राष्ट्रीय महामार्ग ५३, पूर्वीचा ६ नंबरचा. रस्ता चौपदरी असला तरी भरलेले ट्रक घाटात बैलाच्या चालीने चढतात. गाडीत सात मोठी माणसे, मांडीवर एक लहान, ए. सी. चालू, मागे सामान. एका ट्रकला मागे टाकायला भाच्याने उजवी लेन घेतली. अर्धा ट्रक मागे पडला आणि गाडीचा दमच संपला. पाय पार खालपर्यंत दाबलेला, इंजिन नुसते गुरगुरते आहे, आणि काटा ५० वरून ४० वर, ४० वरून ३५ वर. डावीकडे ट्रक. मागून ट्रॅव्हल्सची बस हॉर्न वाजवत, डिपर मारत अंगावर आलेली. भाच्याने गिअर उतरवला, ट्रकला पुढे जाऊ दिले आणि जागा मिळताच गाडी डावीकडे घेतली. बस इतक्या जवळून गेली की आमची गाडी हलली. आई काही बोलली नाही, तिने फक्त पणतीला पोटाशी धरले. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला होता. तो विझला नाही. पुढे कोंढाळीपर्यंत आम्ही ट्रकच्या मागे मागेच आलो.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी गाडी एका मोठ्या गॅरेजात घेऊन गेलो. काचेची केबिन, बसायला सोफा, थंड पाणी. त्यांनी स्टीअरिंगखालच्या खोबणीत मशीन जोडली, पडद्यावर एक कोड उमटला: पी ०२९९. तेथील साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, टर्बो गेला. नवा टर्बो, गॅस्केट, ऑइल आणि मजुरी धरून ६२,००० रुपयांचे अंदाजपत्रक हातात दिले. मी तिथेच मनात भागाकार केला. प्रत्येकी २०,६६७. दादांची दीड महिन्याची पेन्शन.

बाजूला उभ्या असलेल्या एका गृहस्थाने आमची गाडी न्याहाळून पाहिली आणि म्हणाले, पुढे लिंबू-मिरची नाही, नजर लागली असेल. मी म्हटले, आम्ही बौद्ध आहोत, आमच्याकडे ते चालत नाही. ते म्हणाले, तुम्ही आहात हो, गाडी कुठं आहे? मला हसू आले, दादांना आले नाही.

घरी आल्यावर बोलणे सुरू झाले. टर्बो असा आपोआप जातो का? कोणीतरी घालवला असेल. दादांचे म्हणणे, पोराने गाडी मारली. कुठेतरी ढाब्यावर ट्रकवाल्यांकडून स्वस्तातले डिझेल भरत असेल आणि उरलेले पैसे खिशात. रविवारी भाडे मारत असेल. (पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही आणि तशात अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.) शहानिशा करावी म्हणून मी वही उघडली. ऑगस्टपर्यंत गाडी लिटरला १३ किलोमीटर देत होती. ऑक्टोबरचा आकडा १० चा होता. दादांनी वहीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "पाहा, डिझेल कुठं जाऊन राहिलं ते!"

वही खरी होती. आकडा माझ्याच अक्षरातला होता. पण गाडी आजारी आहे म्हणून डिझेल जास्त पिते, हा अर्थ आमच्यापैकी कोणालाही सुचला नाही. पोरगा चोर आहे हा अर्थ लगेच सुचला. भाच्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेला. मी त्या वेळी एक शब्द बोललो नाही, हेही इथे लिहिले पाहिजे. दोन आठवडे तो आमच्याकडे फिरकला नाही. ताई फोन उचलेना. गाडी विकून टाकू असे ठरले, तर घेणारा म्हणाला, टर्बो गेलेली गाडी आहे, ७० हजार कमी देईन.

यात आईचा वेगळाच प्रश्न होता. तिचे वय ७९. तिला ६ डिसेंबरला दादरला जायचे होते. चैत्यभूमीवर ती अनेकदा गेली आहे, पण गुडघ्यांमुळे आता तिला त्या दिवसांतल्या रेल्वेत चढवणे शक्य नाही. समृद्धी महामार्ग तेव्हा नागपूरपासून इगतपुरीपर्यंत ६२५ किलोमीटर खुला होता (इगतपुरी ते आमणे हा उरलेला टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला). म्हणजे जाताना कसारा घाट उतरायचा आणि येताना चढायचा. घाटात बसणाऱ्या गाडीतून ७९ वर्षांच्या माणसाला कोण नेणार?

रविवारी विहारात वंदना झाली. धम्म वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, ते मी वस्तीतल्या मुलांना किती वेळा समजावून सांगितले असेल. आणि मशीनच्या पडद्यावर एक कोड उमटला तेव्हा मी, बी. कॉम. झालेला माणूस, "तो टर्बो कोणी उघडून पाहिला काय?" एवढेही विचारले नाही. चपला घालता घालता हे मनात आले, तेवढ्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा बाजूला उभा दिसला. आय. टी. आय.मधून मेकॅनिक डिझेलचा ट्रेड केलेला, कामठी रोडच्या आतल्या बाजूला टिनाचे शेड टाकून ट्रॅक्टर आणि जुन्या जीपा दुरुस्त करतो. त्याला सांगितले.

तो म्हणाला, "काका, त्या कोडाचा अर्थ टर्बो गेला असा नाही होत. इंजिनले जेवढी हवा पाहिजे तेवढी दाबून येऊन नाही राहिली, एवढंच ते म्हणते. काहून येऊन नाही राहिली, ते उघडून पाहा लागते. गाडी कोण चालवते?"

"भाचा."

"मग त्याले आणा. तुमी नका सांगू."

इथे टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण तोपर्यंत मलाही माहीत नव्हते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापून लाल व्हावी तशी गरम होते आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो पेटतो. हवा जितकी जास्त, तितके डिझेल पुरते जळते आणि तितकी ताकद जास्त. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा ओढून इंजिनात ठासायची, ही टर्बोची युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. हे चक्र जोरात असताना मिनिटाला लाखावर फेरे घेते. दाबलेली हवा तापते, हे सायकलचा पंप मारलेल्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून ती आधी इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून मग इंजिनात सोडतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत हवा जाते ती जाड रबरी नळ्यांमधून.

ताईने समजावून पाठवले म्हणून भाचा शेडवर आला. दादाही आले. दोघे दोन टोकांना उभे. त्या मुलाने बोनेट उघडलेच नाही. स्टुलावर बसून तो नुसते विचारत राहिला.

"एकदम झालं का हळूहळू?"

"हळूहळू. दसऱ्यापासून."

"उभ्या गाडीले रेस घेते का?"

"घेते. काहीच वाटत नाही."

"मग बसते केव्हा?"

"चढावर. नाही तर गाडी भरलेली असली की. दोन हजाराच्या वर काटा नेला की हवा गेल्यासारखी होते."

"धूर?"

"काळा. आरशात दिसते."

"आवाज?"

भाचा थोडा थांबला. "हाय एक. स्स्स असा. कुकरची शिटी व्हायच्या आधी येते ना, तसा. उजव्या अंगानं. पाय उचलला की बंद."

दादा मध्येच म्हणाले, "मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं मामा, दिवाळीत. तुमी म्हणले, ए. सी. बंद करून चालवत जा."

शेडमध्ये थोडा वेळ कोणी बोलले नाही. तो मेकॅनिक मुलगा शहाणा, त्याने तेवढ्यात पाने गोळा करायला सुरुवात केली.

आवाज ऐकूनच त्याला अंदाज आला होता, असे तो नंतर म्हणाला. तरी त्याने एक-एक गोष्ट बाजूला काढत नेली, आणि हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण गाडी ओढत नाही याचा अर्थ इंजिनच दोषी असा होत नाही. आधी तो भाच्याच्या बाजूला बसून कामठी रोडवर चक्कर मारून आला. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनचा काटा चढतो पण वेग चढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. तसे नव्हते, दोन्ही काटे एकत्र हळूहळू चढत होते. परत आल्यावर त्याने चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, चाकाला न लावता. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तिथले ब्रेक धरून बसलेले असतात आणि बिचारे इंजिन ब्रेक लागलेली गाडी ओढत असते. चारही सारखी होती. टायरची हवा पाहिली, ठीक होती.

मग डिझेल. डिझेल फिल्टरच्या बुडाशी एक स्क्रू असतो, पाणी खाली साचले तर काढून टाकण्यासाठी. त्याखाली त्याने काचेची स्वच्छ बाटली धरली आणि पाव बाटली डिझेल काढले. पाणी असेल तर ते जड म्हणून तळाशी बसते आणि रेघ स्पष्ट दिसते. घाण असेल तर गाळ दिसतो. बाटली पंधरा मिनिटे ठेवली. दादांनी ती उचलली, शेडच्या बाहेर उन्हात जाऊन वर धरली, फिरवली, वासही घेतला. डिझेल स्वच्छ होते. दादा बाटली घेऊन बराच वेळ तिथेच उभे राहिले. त्यांनी ती खाली ठेवली तेव्हा आमच्याकडे पाहिले नाही.

एअर फिल्टर मात्र निघाला तो धुळीने काळा. आपटला तर मूठभर माती पडली. हे पाप माझे. वहीत पाहिले, शेवटचा बदललेला जून २०२२ मध्ये. आपल्या नागपूरची धूळ, उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा, आणि मी पावणेपाचशे रुपये वाचवत होतो. पण नुसत्या फिल्टरने स्स्स असा आवाज येत नाही.

शेवटी त्याने इंजिन पूर्ण थंड होऊ दिले आणि नळ्यांवरून हात फिरवायला सुरुवात केली. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या नळीखाली हात गेला तो काळा, तेलकट होऊन बाहेर आला. त्याने मला बोलावले आणि छोटा आरसा खाली धरून नळी दाबली. वरून धडधाकट दिसणारी ती नळी खालच्या अंगाला, क्लिपच्या जवळ, चार बोटे चिरलेली होती. दाबली की मासळीच्या तोंडासारखी उघडायची, सोडली की बंद. कामगारांच्या घरात कोणाला हे वेगळे समजावून सांगायला नको. उभ्या गाडीत टर्बो जोर लावत नाही, म्हणून चीर मिटलेली राहते आणि इंजिन मस्त रेस घेते. चढावर टर्बो जोर लावतो, चीर उघडते आणि ठासलेली हवा रस्त्यावर निघून जाते. हवा गेली, डिझेल मात्र येतच राहिले, म्हणून काळा धूर. अर्धे डिझेल धूर होऊन गेले, म्हणून १३ चे १०. वहीतला तो आकडा त्या नळीने लिहिला होता.

तेवढ्यावर त्याने थांबायला हवे होते, पण तो थांबला नाही. टर्बोच्या तोंडाची नळी काढून आतले चक्र बोटाने फिरवून दाखवले. मोकळे फिरत होते, पाती कुठे घासलेली नव्हती. दांडा आजूबाजूला किंचित हलला. तेवढे चालते, तो म्हणाला, मागे-पुढे हलला असता तर गोष्ट वेगळी. तो हललाच नाही. "टर्बो चांगला हाय काका. पण अशीच अजून दोन-चार महिने चालवली असती, तर हवा पुरत नाही म्हणून त्यानं जास्तच जोर मारला असता, अन् मंग खरोखर गेला असता."

नवी नळी १,७५०, दोन क्लिपा १६०, एअर फिल्टर ४८०. डिझेल फिल्टर स्वच्छ होता, पण त्याची मुदत संपली होती, म्हणून तोही बदलला, ९५०. मजुरी ७००. एकूण ४,०४०. मशीन जोडून जुना कोड पुसला, पिवळा दिवा गेला आणि परत आला नाही.

मजुरीचा आकडा ऐकून दादा म्हणाले, "सातशे?" आणि मग स्वतःच गप्प झाले. आमच्या लोकांची ही खोड मला या वयातही कळत नाही. काचेच्या केबिनमध्ये ६२ हजारांचा कागद आम्ही दोन्ही हातांनी घेतला, साहेबांना धन्यवादसुद्धा दिले. टिनाच्या शेडमध्ये, तीन तास गुडघ्यांवर बसून काम केलेल्या आपल्याच पोराला सातशे देताना घासाघीस सुचते. मी हजार दिले. त्याने तीनशे परत केले.

मोठ्या गॅरेजवाल्यांनी लबाडी केली असे मी म्हणत नाही. त्यांनी मशीनवर विश्वास ठेवला, आम्ही त्यांच्यावर ठेवला. माझ्या मनात वेगळाच विचार येतो. समजा आम्ही ६२ हजार भरले असते. टर्बो बदलताना ती नळी काढावीच लागते. काढताना कोणीतरी चीर पाहिली असती, नळीही बदलली असती, आणि गाडी घाट चढू लागली असती. मग टर्बोच गेला होता, आणि तो भाच्यानेच घालवला होता, हे आमच्या घरात जन्मभरासाठी सिद्ध झाले असते.

आता ज्यांची गाडी वेगळ्या कारणाने बसते आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. काळा धूर म्हणजे हवा कमी. निळा असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही येतच राहिला तर इंजेक्टर किंवा थंडाव्याचे पाणी आत शिरते आहे का ते पाहावे, आणि तशी गाडी पुढे रेटू नये. गाडी सगळ्याच वेगात सुस्त, वर काळा धूर, पण कुठे आवाज नाही, अशा वेळी ई. जी. आर. नावाची झडप काजळीने उघडी अडकलेली असू शकते. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडण्यासाठी ती असते. पुष्कळदा ती साफ करून भागते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बी. एस. ६ डिझेल गाड्यांत बहुतेक ठिकाणी काजळी धरून ठेवणारा एक फिल्टर सायलेन्सरच्या वाटेत असतो. गाडी फक्त बाजार आणि शाळा एवढीच फिरत असेल तर तो तुंबतो, दिवा लागतो आणि गाडीचा जोर जातो. अशा वेळी गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हायवेवर एका वेगाने चालवली तर तो बहुधा स्वतः साफ होतो. दिव्याकडे महिनोन् महिने दुर्लक्ष केले तर मात्र खर्च मोठा. लांबून आल्यावर किल्ली लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट इंजिन शांत चालू द्या, टर्बोला तेल मिळते. आणि चालू इंजिनच्या पंख्याजवळ हात घालून नळ्या चाचपू नका, ते काम थंड गाडीवर करायचे.

गॅरेजात गेल्यावर विचारायला लाज वाटू देऊ नका. कोड कोणता आला, तो कशामुळे आला, काय काय उघडून पाहिले, हे विचारा. अंदाजपत्रक कागदावर घ्या. काढलेला जुना भाग मागून घ्या. आणि गाडी जो चालवतो त्याला सोबत न्या. आम्ही पहिल्यांदा दोघे गेलो होतो, दोघेही मागच्या सीटवर बसणारे.

आम्ही ४ डिसेंबरला पहाटे निघालो. भाचा चालवायला, दादा त्याच्या बाजूला, मागे आई, ताई आणि आम्ही. दोघांमध्ये माफीचे वगैरे काही बोलणे झाल्याचे मी ऐकले नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी दादांनी स्वतः टायरची हवा तपासून आणली होती आणि किल्ली ताईच्या घरी नेऊन दिली होती. परतीला कसारा घाट लागला तेव्हा भाच्याने एका ट्रकच्या बाजूने गाडी काढली. काटा ६० वर होता, तिथेच राहिला. दादा मात्र सारखे मान वळवून मागच्या काचेतून पाहत होते.

"धूर तर नाही दिसून राहिला?" ते भाच्याला म्हणाले.

"नाही मामा."

पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा मान वळवली. आई जागीच होती. ती म्हणाली, "मागं काय पाहतं रे सारखं? समोर रस्ता पाह."